यातली खरी एसटी कुठली?

फलटणच्या स्टँडवर अण्णांनी मला हे विचारलं, आणि विचारताना आवाज इतका खाली आणला की शेजारी पोतं टेकवून उभ्या असलेल्या मावशींनाही ऐकू जाऊ नये. मला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला ते आले होते. मे महिना सरत आलेला, पत्र्याखाली अंगाची काहिली, भाजक्या शेंगा आणि डिझेल यांचा मिसळलेला वास, कंट्रोलरच्या खिडकीतून कुणालाच न समजणारी घोषणा. लाल गाडी गेटातून आत वळली तशी माणसं पिशव्या उचलून पळाली. अण्णा जागचे हलले नाहीत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांचा हात कुणी धरला नाही ते अण्णा, मान डावीकडे वळवून तिरप्या नजरेने गेटाकडे बघत नुसते उभे होते.

“एकच आहे की, अण्णा.”

“असेल. मला दोन दिसतायत. एकीला लागून दुसरी, जरा डावीकडं सरकून.”

गाडीत बसल्यावर मी खिडकीतून हात केला तेव्हा त्यांनीही केला, पण माझ्या शेजारच्या रिकाम्या खिडकीला. नीरेचा पूल येईपर्यंत तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ते घाबरले असते तर मला समजलं असतं. पण ते लाजत होते, आणि एकाचे दोन दिसण्यात लाजण्यासारखं काय आहे हे मात्र माझ्या लक्षात येत नव्हतं.

ते आईशी बोलल्यावर लक्षात आलं. तिचा निकाल तयार होता. “अगं, सकाळी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला त्यांनी. पहिल्या झटक्यात. आणि म्हणे एवढी मोठी एसटी दोन दिसते!” अण्णा शिंपी. जून तोंडावर आलेला, म्हणजे शाळेच्या गणवेशांचा हंगाम. दुकानात पांढऱ्या कापडाचे तागे छातीएवढे रचलेले. मशीनवर बसले की सुई एक, टाका एक, काजं एकेक. नजर उचलून बोळाच्या तोंडाकडे पाहिलं की दोन सायकली, दोन कुत्री, येणारं गिऱ्हाईकही जोडीनं. बारीक ते नीट दिसतं आणि ढळढळीत ते दिसत नाही, हे कुणाला पटावं? गावातल्या चष्मेवाल्यानं नंबर वाढलाय म्हणून नवा चष्मा दिला. त्यानं दोन्ही एसट्या जास्त स्वच्छ दिसायला लागल्या. आणि बाजारात वेगळीच कुजबुज. एक डोळा मिटून चालतात, पायरीला अडखळतात, समोरच्याला नमस्कार करायचा तर भलतीकडे हात जोडतात. एकाचे दोन कुणाला दिसतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, उभ्या आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाला कुणीतरी दुकानात येऊन हसत हसत विचारलं, “काय मास्तर, आजकाल रात्री उशीर होतो वाटतं?” ही गोष्ट मला आईकडून कळली. अण्णांनी ती मला आजतागायत सांगितलेली नाही.

आईच्या वैतागामागं भीती होती, हेही खरं. अण्णांची शुगर जुनी. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या शुगरवाल्यांना म्युकर होतो, डोळा हलायचा थांबतो, पापणी पडते, मग डोळाच काढावा लागतो, हे आमच्याकडे घरोघरी माहीत झालं होतं. तेव्हापासून डोळ्याचं काहीही निघालं की आई आधी रागावते.

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकही यंत्र सुरू करण्याआधी आपला तळहात अण्णांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. किती दिसतात? एक. मग उजव्यावर. किती? एक. हात काढला. आता? दोन. “छान,” त्या म्हणाल्या. आईला त्यात छान काय ते कळेना. एक डोळा झाकूनही दोन दिसत राहिले असते तर खोट त्या एका डोळ्यात असती: मोतीबिंदू, बुबुळाचा काही दोष, चष्मा. इथं दोन्ही डोळे आपापल्या जागी धडधाकट होते. बिनसलं होतं ते दोघांच्या एकत्र चालण्यात. मग त्यांनी पेन समोर धरून हळूहळू अण्णांच्या डाव्या कानाकडे नेलं. उजवा डोळा आज्ञाधारकपणे नाकाकडे सरकत कोपऱ्याला लागला. डावा मध्यापर्यंत आला आणि थांबला. कानाकडच्या बाजूला पांढऱ्याची एक फट उघडी राहिली. त्याला जोर लावताना दिसलं नाही, कंप नाही, दुखणं नाही, नुसता थांबला. “अण्णा, डोळा अडकल्यासारखा वाटतो का?” मी विचारलं. “छे,” ते म्हणाले, “मला वाटतंय दोन्ही गेले.”

एका डोळ्याला बाहेरून सहा स्नायू. दोन्ही मिळून बारा. मेंदूच्या खालच्या भागातून येऊन त्यांना हलवणाऱ्या नसा एका बाजूला फक्त तीन, आणि त्यांची वाटणी अगदीच विषम. तिसऱ्या नसेकडे सगळा प्रपंच: चार स्नायू, शिवाय वरची पापणी उचलायची, शिवाय बाहुली आकसायची. चौथीकडे एकच स्नायू, ज्याचा कंडरा नाकाच्या बाजूला एका चिमुकल्या कप्पीतून वळून जातो. सहावीकडेही एकच, डोळा कानाकडे फिरवणारा. अण्णांची डावी सहावी नस गप्प झाली होती. ती मेंदूच्या तळातून निघते, कवटीच्या हाडावरून वर चढते, आतला कान ज्या हाडात असतो त्याच्या टोकावरून काटकोनात वळते आणि मग कुठे डोळ्याच्या खोबणीत शिरते. एवढ्या आडवळणाची वाट असल्यामुळे डोक्यातला दाब कुठल्याही कारणानं वाढला तरी कधी कधी मार हिलाच बसतो. दुखणं एकीकडे आणि खूण डोळ्यात. म्हणून एमआरआय. तो स्वच्छ आला. उरलं ते बहुतेकांचं कारण: शुगर आणि बीपीमुळे नसेला रक्त पुरवणारी केसासारखी वाहिनी मधेच बंद पडते आणि नस काही काळ उपाशी राहते.

सुईचं कोडंही तिथंच सुटलं. जवळचं बघताना दोन्ही डोळे आतच वळतात, बाहेर वळवणाऱ्या स्नायूचं तिथं कामच नसतं. लांबचं बघताना दोघांनी समांतर व्हायचं असतं, आणि डावा आतच राहतो. म्हणून सुई एक, एसटी दोन. डाव्या बाजूला तर अंतर आणखी वाढतं. म्हणून अण्णा मान डावीकडे वळवून बसायचे, म्हणजे डोळ्यांना डावीकडे जावंच लागत नाही. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. पण गिऱ्हाईकाला वाटायचं, मास्तर आपल्याकडे संशयानं बघतायत. चुलतबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत अण्णा रुसल्यासारखे कुशीला बघताना दिसतात.

डॉक्टरांनी टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या, पापण्या बघितल्या, तेव्हा आईला वाटलं नेहमीची तपासणी. बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या असतील. एका डोळ्याची पापणी पूर्ण खाली आलेली, कपाळ हातात गच्च धरलेलं. आमचा नंबर आधी होता, पण त्यांना आत घेतलं आणि पाच मिनिटांत स्ट्रेचर आला. नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. तिसऱ्या नसेत बाहुलीचे तंतू बाहेरच्या अंगाला असतात. शुगरमुळे नस आतून उपाशी राहिली तर बहुधा बाहुली वाचते. पण शेजारच्या रक्तवाहिनीला फुगा आला आणि त्यानं नस बाहेरून दाबली, तर ते तंतू आधी चेपतात आणि बाहुली मोठी होऊन बसते. तो फुगा फुटला तर माणूस हातचा जातो. एका टॉर्चच्या उजेडात, दोनतीन मिलिमीटरच्या फरकावरून, एकाला घरी पाठवायचं आणि एकाला ऑपरेशन थिएटरकडे पळवायचं. त्या बाईंचं पुढं काय झालं, विचारायला आम्हाला धीर झाला नाही.

पापणी पडलेली मी आधीही एकदा बघितली होती. मामाच्या गावी, पावसाळ्यात, शेजारच्या घरातला पोरगा जमिनीवर घोंगडी टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला, बाहेर ओटीवर येऊन बसला, आणि म्हणाला, “आये, कंदील दोन का लावलं?” मग डोळे मिटायला लागले. झोप नव्हती ती. हाक मारली की हुंकार द्यायचा, पण पापण्या उचलेनात, बोटानं उचलून सोडल्या की पुन्हा खाली. घरातल्या म्हाताऱ्यानं तोंड बघितलं मात्र, म्हणाला, “मण्यार.” अंगावर दाताची खूण शोधूनही सापडत नव्हती. मण्यारीचं विष नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथं जाऊन नसेचं टोकच निकामी करतं. डोळ्यांचे स्नायू नाजूक आणि क्षणाचीही उसंत नसलेले, त्यामुळे पहिली खबर तिथं लागते. छातीचे स्नायू नंतर. त्या पोराला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, सर्पदंशाची लस दिली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं, आणि नसांची टोकं पुन्हा धरेपर्यंत मशीननं त्याचा श्वास घेतला. तो आता ट्रॅक्टर चालवतो. त्याला बघितलं की मला त्याच्या आईनं दोन्ही अंगठ्यांनी उघड्या धरलेल्या पापण्या आठवतात.

खरं तर नवल दोन दिसण्याचं वाटायला नको. दोन डोळे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर, प्रत्येकाला दिसतं ते थोडं वेगळं. सेकंदाला तीनेक वेळा आपण नजर उडवतो आणि प्रत्येक वेळी दोघं त्याच ठिकाणी जाऊन टेकतात. मग मेंदू दोन चित्रं जुळवतो आणि त्यांच्यातल्या फरकातून खोलीही काढून घेतो. हे दिवसभर चालतं आणि आपल्याला त्याची कुणकुणही नसते. लहानपणीच डोळा तिरळा झाला तर मूल दोन दिसतंय म्हणून तक्रार करत नाही. त्याचा मेंदू एका डोळ्याचं चित्र सरळ बाजूला सारतो, आणि त्याची किंमत म्हणून तो डोळा हळूहळू मंदावतो. साठीतल्या मेंदूला ती सोय उरलेली नसते. तो दोन्ही चित्रं प्रामाणिकपणे दाखवत राहतो.

शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, मान कायम उजव्या खांद्याकडे कललेली. ड्रिलचे सर येता-जाता त्याच्या डोक्यावर टपली मारून ते सरळ करायचे, “मान मोडलीय का रे?” तो क्षणभर सरळ उभा राही आणि डोळे बारीक करी. चौथी नस जन्मापासून अधू असेल तर मुलं अशी मान कलती ठेवून दोन्ही चित्रं एका पातळीत आणतात. डॉक्टर अशा रुग्णाचे बालपणीचे फोटोसुद्धा मागवून बघतात, मान तेव्हापासून कलती आहे का ते कळावं म्हणून. त्याचं तेच होतं की आणखी काही, आता कोण सांगणार. पण सरांचा हात त्याच्या डोक्याकडे जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला आता वेगळं दिसतं. आमच्या शाळेनं त्या मुलावर अन्याय केला, असं माझं मत आहे.

अण्णा खुलले ते मात्र एका तपासणीत. डोळ्यांवर एक काच लाल, एक हिरवी असा चष्मा, समोर चौकटींचा पडदा, त्यावर एकामागून एक लागणारे लाल ठिपके. हातातल्या टॉर्चचा हिरवा उजेड प्रत्येक ठिपक्यावर बरोबर नेऊन ठेवायचा. अण्णा ठेवत होते, मन लावून, खडूनं खूण करावी तसे, आणि प्रत्येक खूण चुकत होती हे त्यांना सोडून खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. ही पद्धत वॉल्टर हेस या स्विस माणसाची. तो आधी डोळ्यांचा डॉक्टर होता, नंतर ते सोडून मेंदूकडे वळला आणि 1949 मध्ये त्याला मेंदूच्या कामासाठी नोबेल मिळालं. नाव मात्र रोज घेतलं जातं ते या पडद्यापायी. शेवटी कागदावर दोन चौकोन आले. डाव्या डोळ्याचा डावीकडून दबलेला, उजव्याचा डावीकडे ताणून मोठा झालेला. कारण मेंदू दोन्ही डोळ्यांना नेहमी सारखाच हुकूम देतो. डावा हलत नाही म्हणून हुकमाचा जोर वाढवतो, आणि तो वाढीव जोर धडधाकट उजव्यालाही पोचतो. डॉक्टर हे समजावत होत्या तोवर अण्णांनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला. “डावी बाही आखूड कापलीय,” ते म्हणाले, “आणि सगळा शर्ट तिकडं ओढला जातोय.” डॉक्टर थांबल्या. म्हणाल्या, “मी हे पुढच्या पेशंटला असंच सांगते.”

औषध काय? शुगर आटोक्यात ठेवा, बीपी ठेवा, बाकी वाट बघा. बहुतेकांची नस तीन महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत परत कामाला लागते. एवढं ऐकून चिठ्ठीशिवाय बाहेर पडायचं म्हणजे आईला डॉक्टरांची फी पाण्यात गेल्यासारखी वाटली; जिन्यात तिनं निदान बी-कॉम्प्लेक्स तरी विचारायला मला परत पाठवलं. तोवर चष्म्याच्या डाव्या काचेवर कागदी चिकटपट्टी. एका डोळ्यानं जग एक झालं, पण सपाट झालं. चहा बशीच्या कडेवर ओतला जायचा, जिन्याची शेवटची पायरी पायाला सापडायची नाही. बाजारात लोक विचारायचे, “मोतीबिंदू काढला का मास्तर?” अण्णा “हो” म्हणून मोकळे व्हायचे. मोतीबिंदू सगळ्यांना कळतो. कुजबुज त्या पट्टीनं एका दिवसात थांबली. दिसेल असं काहीतरी लोकांना मिळालं होतं.

पालखी आली तेव्हा मी गेले होते. लोणंद, तरडगाव करत माउली फलटणला येतात त्या दिवशी आमच्याकडे चूल लवकर पेटते. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि रथ दिसताच त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पट्टीआडून दर्शन घेणं त्यांना पटेना. टाळमृदंगाच्या गजरात त्यांचे डोळे भरून आले होते आणि मान डावीकडे वळलेली. रथ गेल्यावर म्हणाले, “यंदा चार बैल जुंपले होते माउलींना. फुकटात दुसरी बैलजोडी मिळाली.” आमचे एक मामा कीर्तन करतात, त्यांनी रात्री जेवताना द्वैत-अद्वैताचा विनोद केलाच. अण्णा हसले नाहीत. मलाही तो फार स्वस्त वाटला. ज्याला रस्ता ओलांडता येत नाही त्याच्यापुढं असलं बोलू नये.

दुसरे एक काका बरे निघाले. ते पतौडींची गोष्ट सांगायला लागले. 1961 साली इंग्लंडात मोटारीच्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षी भारताकडून कसोटी. त्यांना नंतर कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेलं, लेन्स लावून खेळताना चेंडू दोन दिसायचे, काही इंचांच्या अंतरानं. आतला धरून मारायचे. त्यांची इजा नसेची नव्हती, काचेचा कण डोळ्यात गेला होता. पण अण्णांना गोष्टीतला नेमका मुद्दा लागला. ते सरसावून बसले. “आतला खरा! माझंही तेच. डावीकडची, लांबची ती खोटी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एसटी चुकली नसती.” आणि ते बरोबरच होतं, अडकलेल्या डोळ्याचं चित्र बाहेरच्या बाजूला पडतं, हे डॉक्टरही सांगतात. त्यानंतर त्यांनी स्टँडवर जायला सुरुवात केली, नुसता सराव म्हणून.

पुढं चिकटपट्टी जाऊन काचेवर प्रिझमची पातळ प्लास्टिकची फित आली. नखाला बारीक खाचा लागत. या खाचांची कल्पना फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहांच्या भिंगांसाठी काढली. जाडजूड काच न वापरता प्रकाश वळवायचा. अण्णांच्या डोळ्यात येणारं चित्रच ती सरकवून हवं तिथं आणत होती. दिसायचं थोडं धुरकट, पण एक, आणि खोलीसह. अट एकच, सरळ समोर बघायचं. गणपती बसायच्या सुमारास एके दिवशी त्यांनी फोनवर उगाच विषय काढल्यासारखं सांगितलं की आज समोरच्या दुकानाची पाटी फित नसतानाही एकच दिसली. डावीकडे, अगदी कडेला बघितलं की अजून थोडी फाटते. मग तेही मिटलं.

आता त्यांना काही होत नाही. शुगरची गोळी वेळेवर घेतात, जिलेबीपुढं मात्र अजूनही हार मानतात. बोळाच्या तोंडाशी चहाची गाडी लावणारे भाऊ परवा दुकानात आले, डोकं सकाळपासून ठणकतंय आणि कपबश्या दुप्पट दिसतायत म्हणून सांगत. अण्णांनी मशीन थांबवलं, तळहात त्यांच्या एका डोळ्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. एक, एक, दोन. मग पापणीकडे बघितलं. अर्धी खाली आली होती. भाऊ म्हणत होते, उद्या बाजार आटपला की जातो दवाखान्यात. अण्णा चपला घालत म्हणाले, “उद्या नाही. आत्ता, माझ्याबरोबर.”

संध्याकाळी मला आईचा फोन. अण्णा पुण्याच्या वाटेवर होते, अँब्युलन्समध्ये, भाऊंच्या बायकोसोबत. “दुकान तसंच टाकून गेलेत,” आई म्हणाली. “एकाची पँट अर्धी कापून ठेवलीय. तो इथं घरी येऊन बसलाय, मास्तर कधी येणार म्हणून. तिसरा चहा झाला त्याचा.”